दोन ट्रॉल्यांचं ओझं कुणाच्या गळ्यात?

(कोरेगाव येथील भाषणाचा मजकूर)



हंगाम तोंडावर आला की मेळाव्यात उसाच्या भावाचं बोलणं होतं. ते झालंच पाहिजे. पण आज आम्ही भावाआधी ट्रॉलीचं बोलणार आहोत. फडापासून गव्हाणीपर्यंतच्या वाटेवर आपला पैसा सांडतो आणि आपली पोरंही जातात. दोन्हींचं मूळ एकच आहे.

वसना आणि तीळगंगेच्या काठचा ऊस चिमणगावला जातो, काही साताऱ्याकडे, काही कराडच्या बाजूला. ओढणारा असतो दहा-पंधरा वर्षं वापरलेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, त्यावर मोळ्या रचून केलेला डोंगर. ट्रॅक्टर ओढतोय ना, मग बास, असं आपण धरून चालतो. खरा प्रश्न ओढण्याचा नाहीच. खालच्या गिअरमध्ये जुनं इंजिनही वीस टन ओढतं. प्रश्न आहे थांबण्याचा.

साधा हिशेब मांडू. ट्रॅक्टर २ टनांचा. भरलेली एक ट्रॉली १० टन, म्हणजे दोन ट्रॉल्यांसह सगळा जथा २२ टन. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. त्या चाकांवर वजन दीड टनाच्या आसपास, म्हणून कोरड्या डांबरीवर ती चाकं धरून धरून एक टनाचा जोर धरतील. त्याहून जास्त दाबलं की चाक घसरतं, मग पाटे नवे असोत की जुने.

आता वीसास एक असा उतार घ्या, म्हणजे वीस फुटांत एक फूट खाली. उतारावर २२ टनांचा जथा १.१ टनाच्या जोरानं खाली ढकलतो. टायरच्या घासण्यात त्यातला साधारण ०.४ टन जिरतो. उरलेला ०.७ टन ब्रेकनं नुसता तोलायचा. थांबवायला शिल्लक राहतो ०.३ टन. ताशी २० किलोमीटरच्या वेगाला हा जथा थांबायला सव्वाशे मीटरच्या जवळपास रस्ता खातो. तोच ट्रॅक्टर, तोच उतार, पण ट्रॉली एकच असेल, तर ३० मीटरमध्ये थांबतो. ओझं दुप्पट झालं नाही, तरी अंतर चौपट झालं. आणि वेग दुप्पट केला तर तेही पुन्हा चौपट होतं. रस्ता ओला असेल, पाचटानं बुजलेला असेल, तर दोन ट्रॉल्यांचा जथा त्या उतारावर थांबेलच असं नाही. मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीला ढकलते, पुढची ट्रॅक्टरला आडवा घालते. रस्त्याकडेला उलटलेला ऊस आपण सगळ्यांनी पाहिलाय. ड्रायव्हर प्यायला होता, झोपला होता, असं लोक म्हणतात. कधी खरंही असेल. पण ड्रायव्हर शुद्धीत असला तरी हा हिशेब बदलत नाही.

मग माणूस दुसरी ट्रॉली जोडतो कशाला? त्याला काय जीव नकोसा झालाय? नाही. वाहतुकीचं बिल टनावर आणि अंतरावर निघतं. कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत तासन् तास ट्रॅक्टर उभा राहतो, त्याचा पैसा त्याला मिळत नाही. ट्रॅक्टरचा हप्ता थांबत नाही. मुकादमाला दिलेली उचल टोळी आली नाही तर बुडते. दिवसात दोनच खेपा होणार असतील तर त्या दोन खेपांतच सगळं काढायचं, हे गणित त्याच्यावर लादलेलं आहे. दर ठरवणाऱ्यानं ट्रॉली भरलेली नाही, पण दरानं भरून घेतलेली आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा ओझ्याला २० हजार रुपये दंड आणि वर जादा टनाला २ हजार रुपये आहेत. ते भरायचे कुणी? वाहनवाल्यानं.

आता ऊसवाल्याकडं या. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ चा. त्याखाली ठरणारा भाव कारखान्याच्या दारातला भाव आहे. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५० रुपये धरले. आपल्या हातात मात्र तोडणी आणि वाहतूक वजा जाऊन उरेल ते पडतं. म्हणजे वाहतुकीचा पैसा कारखाना देत नाही, आपणच देतो. तो नुसता आपल्या पट्टीतून कापून पुढं सरकवतो. त्यातही बहुतेक ठिकाणी सरासरी काढून सगळ्यांना सारखी कपात. गव्हाणीपासून तीन किलोमीटरवरचा शेतकरी चाळीस किलोमीटरवरून आणलेल्या उसाचं भाडं भरतो. वर आवारात उभा राहिलेला ऊस वाळतो. काट्यावर घट दिसते ती आपली, साखर घटते ती उताऱ्यात, म्हणजे तीही आपलीच.

तेव्हा ऊसवाला आणि वाहनवाला यांना एकमेकांसमोर उभं करण्याचा डाव ओळखा. एकाच घरातला थोरला ऊस लावतो, धाकटा ट्रॅक्टर चालवतो. दोघांचा पैसा एकाच पट्टीतून जातो आणि हिशेब दोघांनाही दाखवला जात नाही.

या हंगामात गावोगावी मागायचं ते असं :

एक. तोडणी-वाहतुकीच्या कपातीचा हिशेब, अंतराच्या टप्प्यांप्रमाणं, लेखी आणि नोटीस बोर्डावर. पैसा आपला आहे, हिशेब मागणं ही मेहेरबानी नव्हे.

दोन. आवारात ठरावीक तासांपेक्षा जास्त खोळंबा झाला तर वाहनाला खोळंब्याचा आकार. तो ऊसवाल्याच्या पट्टीतून कापायचा नाही. खोळंबा कारखान्याच्या खिशाला लागला की नंबर आपोआप लवकर लागतील.

तीन. ट्रॉलीला ब्रेक बसवणाऱ्या वाहनाला टनामागं जादा दर, आणि ब्रेक बसवायला बिनव्याजी उचल. मुकादमाला लाखांची उचल मिळते, तर ब्रेकला का नाही?

चार. भरल्या आणि रिकाम्या वजनाची चिठ्ठी जागच्या जागी. काटामारीचं औषध तेच, जादा ओझ्याचा पुरावाही तोच.

काही गोष्टी मात्र कुणाकडं मागायच्या नाहीत, आपणच करायच्या. उतार असेल तिथं एक ट्रॉली वर सोडून, चाकाखाली दगड देऊन, दोन फेऱ्या करा. वेळ जाईल, डिझेल जाईल, माणूस राहील. जड ट्रॉली पुढं, हलकी मागं. चढ ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतार उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणं म्हणजे इंजिनाचा आवर काढून घेणं. रस्त्यावर ब्रेकची दोन्ही पेडलं कडीनं एकत्र जोडलेली हवीत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. हुक खालच्या जागीच लावा. वर घेतलेला हुक चढाला पुढची चाकं उचलतो. पिनेला खिट्टी आणि साखळी. मागं लाल रिफ्लेक्टर, आणि ते मोळ्यांखाली झाकता कामा नयेत.

याच तालुक्यात सातारा रोडला कूपरच्या कारखान्यात लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिनं घडली. लोखंड आपल्याला नवं नाही. ट्रॉलीला ब्रेक बसवणं गावच्या फॅब्रिकेशनवाल्याला अवघड नाही. अवघड आहे ते टनाच्या दरामागची सक्ती मोडणं, आणि ती एकट्यादुकट्यानं मोडत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं गेल्या हंगामाची आपली पट्टी आणावी. वाहनवाल्यानं आपलं बिल आणावं. दोन्ही कागद शेजारी ठेवू, कपात किती झाली आणि वाहनाला पोचले किती हे गावागणिक मांडू, आणि तो तक्ता घेऊन मोळी टाकण्याआधी कारखान्याच्या दारात जाऊ.