वाहाकाचे आठवडे बाजार

मेक्सिकोला जायचे म्हटले की प्रथम विमानभाड्याचा आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि तो लहान नाही हे मी आरंभीच कबूल करतो. पण एकदा त्या देशात पाऊल ठेवल्यावर, दक्षिणेकडील वाहाका प्रांतात काटकसरीने फिरणारा माणूस श्रीमंत पाहुण्यापेक्षा अधिक पाहतो, असे माझे अनुभवाचे मत आहे.

वाहाका शहर मेक्सिकोच्या राजधानीपासून बसने सहासात तासांवर, सुमारे पाच हजार फूट उंचीच्या एका खोऱ्यात वसले आहे. रात्रीची बस घेतली की एका रात्रीचे खोलीभाडे वाचते. जुलैमध्ये तेथे गेलागेत्सा नावाचा मोठा नृत्योत्सव भरतो. त्या दिवसांत खोल्यांचे दर भडकतात, म्हणून बेताच्या खिशाने ते दिवस टाळावेत. गाव पायी हिंडण्याजोगे आहे. जवळच्या डोंगरावर मोंते आल्बान हे झापोतेक लोकांचे प्राचीन नगर आहे. इ. स. पूर्व ५०० च्या सुमारास त्यांनी डोंगराचा माथा सपाट करून ते वसविले. १९३२ साली आल्फोन्सो कासो यांना तेथील सातव्या थडग्यात जे सोने सापडले, ते शहरातील सांतो दोमिंगो मठाच्या संग्रहालयात ठेवले आहे. सकाळी डोंगर आणि दुपारी संग्रहालय, एवढा एक दिवस त्यासाठी पुरे.

खरा वाहाका मात्र बाजारात भेटतो. खोऱ्यातील गावांचे बाजारवार ठरलेले आहेत : बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान आणि रविवारी त्लाकोलुला. प्रवासाचा कार्यक्रम या वारांप्रमाणेच आखावा. जाण्यासाठी 'कोलेक्तिवो' असतात. आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या वडापची ही सख्खी बहीणच! चार जणांच्या मोटारीत पाचवा, प्रसंगी सहावा बसतो, आणि मांडीवर शेजारणीची टर्की कोंबडी येते. त्लाकोलुलाच्या बाजारात बायका आपसांत झापोतेक बोलतात व गिऱ्हाइकाशी स्पॅनिश. मिरच्यांच्या राशींजवळून जाताना ठसका लागतो, तेव्हा ही मिरची मूळची याच भागातली, आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली, हे आठवून गंमत वाटते.

जेवणासाठी उपाहारगृह शोधू नये. बाजारातच बाकावर बसावे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि त्या पिठाची भाकरी खापरावर भाजतात. वाटण्याचे दगडी साधन पाहून आपला पाटा-वरवंटाच आठवतो. शाकाहाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उसळीत व भाकरीवर डुकराची चरबी घालण्याची तेथे रीत आहे, ती नको असे आधी सांगावे लागते. या मक्याचे वय थोर आहे. मित्ला गावाजवळच्या एका गुहेत सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची कणसे सापडली आहेत. आणि मेक्सिकोच्या मक्याशी आपलाही एक धागा जुळलेला आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी पुढे चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापक होऊन मक्याच्या वाणांवर संशोधन केले.

आता काटकसर कोठे थांबवावी, हे सांगतो. तेओतित्लान देल व्हाये हे विणकरांचे गाव. एका घरी गालिचा पसंत केला आणि सवयीने निम्मी किंमत सांगितली. घरधनीण रागावली नाही. तिने निवडुंगावर वाढणारे किडे, वाळलेले, करड्या कणांसारखे, तळहातावर घेऊन चुरडले; रक्तासारखा लाल रंग उतरला. त्यावर लिंबू पिळताच तो नारिंगी झाला, चिमूटभर चुना टाकताच जांभळा. एक किलो रंगद्रव्यासाठी असे लाखाहून अधिक किडे हाताने वेचावे लागतात. मग तिने एक वही दाखविली. लग्नकार्यात कोणी किती मका, किती टर्की दिल्या, याची ती नोंद होती. ज्याचे घेतले त्याच्या घरच्या कार्यात तेवढेच परत द्यायचे. या देवघेवीलाही गेलागेत्साच म्हणतात. उत्सवाने नाव घेतले ते येथून. आपल्या आहेराच्या वहीचेच हे भावंड.

ज्या घरात कोंबडीचाही हिशेब इतका चोख, तेथे मी विणकराच्या मजुरीतून दोन दिवसांचे भाडे काढू पाहत होतो! लाज वाटली. तो मोठा गालिचा माझ्या ऐपतीबाहेरचाच होता, तो मी परत घडी करून ठेवला. आसनाएवढा एक लहान तुकडा घेतला, आणि तिने सांगितली तीच किंमत दिली. परतीच्या कोलेक्तिवोत मी पाचवा होतो. गुंडाळी मांडीवर होती, आणि शेजारच्या आजीबाईंनी न विचारताच ती उलगडून, मागच्या बाजूचे विणकाम नखाने तपासून पाहिले.