कंपनीचे निवेदन आणि कंपनीची जबानी

(सुरगाणा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा सारांश)



मोठी कंपनी वर्षातून एकदा भागधारकांशी बोलते आणि एकदा शासनाशी. पहिले बोलणे वार्षिक अहवालातून होते. त्याच्या मागील पानांत कायद्याने सक्तीचे केलेले ताळेबंद व लेखापरीक्षकांचा अहवाल असतो. पण डोळ्यांत भरतात ती पुढची पाने, म्हणजे अध्यक्षांचे निवेदन आणि बहुधा एखाद्या आदिवासी शाळेतील हसऱ्या मुलांचे छायाचित्र. दुसरे बोलणे कंपनी निबंधकाकडे दाखल होणाऱ्या विवरणपत्रांतून होते. तेथे छायाचित्राला जागा नाही. रकाने ठरलेले असतात आणि खाली सही द्यावी लागते.

सुरगाण्याला या भेदाशी काय कर्तव्य? 2013च्या कंपनी कायद्याच्या 135व्या कलमान्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. सप्टेंबर 2022मध्ये नियम बदलले आणि वार्षिक अहवालाच्या जोडपत्रात प्रकल्पांवरील खर्चाची एकत्रित रक्कम पुरेशी ठरली. प्रकल्पवार हिशेब निबंधकाकडील ‘सीएसआर-2’ या विवरणपत्रात मागितला जातो. म्हणजे छायाचित्र एका कागदावर आणि त्याचा हिशेब दुसऱ्या!

त्या दुसऱ्या कागदावरही राज्य आणि जिल्हा एवढेच विचारतात. तालुका विचारत नाहीत. ‘नाशिक’ लिहिले की रकाना भरतो. पैसा सातपूरच्या कारखान्यांशेजारी खर्च झाला की उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरणाऱ्या पाड्यावर, हे त्यातून कळत नाही. डिसेंबर 2022मध्ये याच तालुक्यातील सीमेवरच्या गावांनी रस्ते, पाणी, दवाखाना मिळत नाही म्हणून गुजरातेत जाण्याची मागणी केली. जिल्ह्याच्या बेरजेत त्या गावांचा आक्रोश बुडून जातो.

सही आहे म्हणून मजकूर खरा, असेही मानू नये. जानेवारी 2009मध्ये ‘सत्यम’चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ताळेबंदातील 5,040 कोटी रुपयांची शिल्लक फुगवलेली असल्याची कबुली दिली. छापील अहवाल आणि दाखल केलेले हिशेब दोन्ही एकाच खोट्यावर उभे होते. मात्र सही होती म्हणूनच खटला उभा राहू शकला. 2015मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंना सात वर्षांची शिक्षा सुनावली. ती पुढे अपिलात स्थगित झाली, हा भाग निराळा. अहवालातील गोड विशेषणांवर मात्र कोणी खटला भरू शकत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे: रकान्यात तालुका आणि गाव यावे. तोवर हाती असलेला हक्क वापरावा. 399व्या कलमान्वये निबंधकाकडील दस्तऐवज शुल्क भरून कोणाही नागरिकाला पाहता येतात. सुरगाणा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे; 1996च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. कंपनीचा हिशेब त्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा आणि विचारावे, यातले काय गावात आले? कंपनीच्या जबानीची उलटतपासणी गावच करू शकते.