शेवटच्या वाडीतील श्रोता



अकोले तालुक्यात दोन निराळे प्रदेश नांदतात. पूर्वेला प्रवरेच्या काठचा सखल, बागायती पट्टा. तेथेच तालुक्याचे गाव आणि अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. पश्चिमेला कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या कुशीत विखुरलेल्या महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, याच तालुक्याच्या सीमेवर उभे आहे. ज्या डोंगरांनी एके काळी परचक्र अडवले, तेच डोंगर आज मोबाइलच्या लहरी अडवतात. इंटरनेटवरून व्याख्यान किंवा अभ्यासवर्ग घेऊ इच्छिणाऱ्या कार्यकर्त्याने विचाराला आरंभ करायचा तो येथून.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या, सभा थांबल्या आणि समाजाचे प्रबोधन पडद्यावर आले. २६ एप्रिल २०२० रोजी सरसंघचालक डॉ. मोहनजी भागवत यांचे उद्बोधन देशभरातील स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून ऐकले. त्याच वर्षी जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, कारण प्रत्येक घरी इंटरनेट नाही, हे सर्वांना ठाऊक होते. साधने अनेक निघाली. परंतु जो श्रोता कड्याच्या आडोशाला राहतो, त्याचे काय, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर जसे मोबाइलच्या मनोऱ्यावर अवलंबून आहे, तसेच कॅमेऱ्यामागे बसलेल्या माणसावरही आहे.

हे समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. चलत्चित्र म्हणजे सेकंदाला २५ स्थिर चित्रे. उत्तम प्रतीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात. हा गुणाकार सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिटांवर जातो. एवढा प्रवाह शहरातील सामान्य घरापर्यंतही पोहोचणार नाही. म्हणून तो आकसून, नेमक्या संकेतांत बांधून पाठवावा लागतो. यालाच एन्कोडिंग म्हणतात. चांगल्या व्याख्यानाचे चित्रण सेकंदाला ४० लाख बिटांत, म्हणजे मूळच्या सुमारे तीनशेव्या हिश्श्यात, सहज मावते.

ही किमया दोन गोष्टींवर उभी आहे. पहिली अशी की, एका चित्रातून दुसऱ्या चित्रात फार थोडे बदलते. वक्त्याचे ओठ आणि हात हलतात. मागची भिंत तीच असते. म्हणून एक चित्र पूर्ण पाठवायचे आणि पुढच्या चित्रांत केवळ फरक कळवायचा. दुसरी अशी की, मानवी डोळा उजेड-अंधाराचा भेद बारकाईने टिपतो, रंगाचा तितका नाही. म्हणून रंगाचे तपशील एक चतुर्थांशावर आणले तरी पाहणाऱ्याला उणीव जाणवत नाही. त्यानंतर चित्राचे लहान चौकोन पाडून त्यांतील ठळक आणि सूक्ष्म तपशील गणिताने वेगळे केले जातात व डोळ्याला न दिसणारे सूक्ष्म तपशील गाळले जातात. या गणिताचे नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव यांनी ते १९७४ साली प्रसिद्ध केले. २००३ साली आलेली आणि आजही बहुतेक सर्व मोबाइलवर चालणारी एच.२६४ ही पद्धती याच तत्त्वावर उभी आहे. जगभरच्या चलत्चित्रांच्या मुळाशी भारतभूमीत जन्मलेल्या प्रतिभेचे गणित आहे, याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण त्याचा लाभ भारताच्याच वाडीला मिळतो की नाही, हेही पाहावे.

तो मिळावा यासाठी एकाच व्याख्यानाच्या लहान-मोठ्या अनेक प्रती एकाच वेळी सिद्ध करण्याची रीत आहे. प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे होतात आणि पाहणाऱ्याचा मोबाइल आपल्या वेगाला झेपेल तो तुकडा उचलतो. ही जणू शिडीच. खालची पायरीच उंच ठेवली, तर डोंगरातल्या श्रोत्याच्या वाट्याला पडद्यावर फिरणारे चक्र तेवढे येते. मोठी प्रत तासाला सुमारे १८०० एमबी खर्च करते. ३६० ओळींची लहान प्रत आवाजासह सुमारे २१० एमबीत भागते. आणि केवळ आवाज, बोलणे स्पष्ट कळेल इतका, अवघ्या १५ एमबीत पोहोचतो. रोजंदारीवर जाणाऱ्या कुटुंबाने ऐकावे अशी इच्छा असेल, तर या तीन आकड्यांतील अंतर कार्यकर्त्याच्या सदैव ध्यानी असले पाहिजे.

यातूनच निर्मितीचे नियम निघतात. पहिला मान आवाजाला. चित्र अंधुक झाले तरी श्रोता थांबतो, शब्द तुटला की तो उठतो. म्हणून महागड्या कॅमेऱ्याआधी वक्त्याच्या कॉलरला लावायचा चांगला माइक घ्यावा. कॅमेरा तिवईवर स्थिर असावा आणि मागे साधी भिंत असावी. वाऱ्याने हलणारी झाडे किंवा फडफडणारे पडदे असले की प्रत्येक चित्रात नवा फरक निर्माण होतो आणि वक्त्याच्या चेहऱ्यासाठी राखलेले बिट पानांवर खर्च होतात. प्रकाश समोरून हवा. अंधाऱ्या खोलीत चित्रावर उठणारी खसखस एन्कोडरला हालचालच वाटते. इंटरनेट शक्यतो तारेने जोडावे आणि पाठवण्याचा वेग प्रवाहाच्या दुप्पट असावा. वीज जाणार हे गृहीत धरून इन्व्हर्टर तयार ठेवावा. ओबीएस स्टुडिओसारखी विनामूल्य प्रणाली यासाठी पुरेशी आहे. थेट प्रक्षेपण श्रोत्यापर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचते; म्हणून प्रश्नोत्तरांच्या वेळी वक्त्याने घाई करू नये. आणि जेथे काहीच पोहोचत नाही, तेथे लहान प्रत मेमरी कार्डावर घालून कार्यकर्त्याने स्वतः न्यावी.

आजवरचा विचार शहराकडून वाडीकडे असा एकाच दिशेचा राहिला आहे. वास्तविक देण्यासारखे पुष्कळ धन वाडीपाशी आहे. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. परंतु देशी वाणांचे बियाणे त्यांनी जिवापाड जपले आणि २०२०च्या पद्मश्री सन्मानार्थींत त्यांचे नाव आले. अशा मातेचे बोलणे, बी निवडताना तिचे हात, हे चित्रित होऊन देशभर पोहोचले पाहिजे. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे. त्यांच्या आठवणी वृद्धांच्या तोंडी जेथे जिवंत असतील, तेथे त्या टिपून ठेवणे हे राष्ट्रकार्यच होय. मात्र अशा वेळी एक पथ्य पाळावे. आकसताना गाळलेला तपशील पुन्हा परत येत नाही. म्हणून वाटण्यासाठी लहान प्रत करावी. मूळ चित्रण मात्र दोन वेगळ्या ठिकाणी जपावे. जेवणाला धान्य काढताना बियाण्याची कणगी रिकामी करायची नसते, हे अकोल्याच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

पडदा हा माणसाचा पर्याय नव्हे. १९५२ साली जशपूर येथे बाळासाहेब देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रमाचे कार्य आरंभले, ते माणसाने माणसाकडे जाऊन. आजही व्याख्यान संपल्यावर वाडीत जाऊन ‘ऐकू आले का, समजले का’ असे विचारणारा कार्यकर्ता लागतोच. त्या वाडीतून जे उत्तर येईल, त्यावरून पुढच्या व्याख्यानाचा बिटरेट ठरवावा. पाहणाऱ्यांच्या एकूण आकड्याने सुखावून जाण्यापेक्षा, कोणत्या वाडीतून एकही श्रोता आला नाही, याची यादी प्रत्येक कार्यक्रमानंतर व्हावी आणि पुढच्या आठवड्याचा प्रवास त्या यादीप्रमाणे आखला जावा.