कॅमिलाच्या चपला

प्रेमकथा म्हटली की आपण आधी विचारतो, शेवटी दोघं एकत्र येतात का? जॉन फँटे या अमेरिकन लेखकाची ‘आस्क द डस्ट’ ही १९३९ सालची कादंबरी वाचताना मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. अपमान सोसलेला माणूस तोच अपमान दुसऱ्याला इतक्या सहज कसा देतो?

काळ मंदीचा. आर्तुरो बांदिनी हा कोलोराडोहून आलेला तरुण लेखक लॉस एंजेलिसच्या बंकर हिलवरच्या स्वस्त हॉटेलात राहतो. भाडं थकलेलं, पोटाला संत्री. खिशातलं शेवटचं नाणं घेऊन तो कॉफी प्यायला जातो. तिथं कॅमिला लोपेझ ही मेक्सिकन वंशाची वेट्रेस भेटते. ती त्याला आवडते, आणि तो हसतो ते तिच्या पायांतल्या चपलांना! ‘वाराचे’ म्हणतात त्यांना. चामड्याच्या पट्ट्यांच्या, आपल्या कोल्हापुरीच्या दूरच्या बहिणीच म्हणा ना. त्याच्या टोमण्यानंतर ती एकदा उंच टाचांचे पांढरे बूट घालून येते. पाय दुखतात, तरीही.

हा बांदिनी मूळचा इटालियन घरातला. लहानपणी गोऱ्या पोरांनी त्याला नावावरून हिणवलेलं. मी अमेरिकनच आहे असं कॅमिला ठणकावते, तेव्हा तो तिला तसंच हिणवतो. तीही गाडीच्या कागदावर ‘लोपेझ’ ऐवजी एका नटीचं आडनाव लावते.

‘तुम्ही मराठी छान बोलता हो,’ अशी शाबासकी माझं नाव कळल्यावर मला आजही मिळते. जन्म इथला, कविता इथली. त्यामुळे त्या आडनावापाशी मी बराच वेळ थांबलो.

तिची भीती पोकळ नव्हती. त्या दशकात मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना सीमेपलीकडे धाडलं गेलं. त्यांत अमेरिकेत जन्मलेले नागरिकही होते. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसच्या ला प्लासिता चौकात वाटा अडवून लोकांकडे कागद मागितले गेले. कॅलिफोर्नियानं त्याबद्दल कायद्यानं माफी मागितली ती २००५ साली.

रॉबर्ट टाउन यांनी या कादंबरीवर काढलेल्या २००६ सालच्या चित्रपटात सल्मा हायेक कॅमिला झाली. तिथं बांदिनी तिला वाचायला शिकवतो, अखेर क्षयानं ती त्याच्याजवळ प्राण सोडते. डोळे भरून येतात, पण मला ते जरा सोयीचं वाटलं. कादंबरीतली कॅमिला दुसऱ्याच माणसावर जीव लावते आणि मोहावी वाळवंटात चालत निघून जाते. बांदिनी तिला शोधतो, ती सापडत नाही. त्याचं पुस्तक तेव्हा नुकतंच छापून आलेलं असतं. त्यावर तिचं नाव लिहून तो ते ती गेली त्या दिशेला वाळूत फेकतो, आणि गाडी सुरू करून शहराकडे परततो.