मद्याच्या धंद्यांतील अल्पवयीन मूल

दारूच्या प्रश्नाचा काथ्याकूट आपल्याकडे नित्य चालतो. पिणाऱ्याचें काय करावें, विकणाऱ्याचें काय करावें, ह्यावर प्रत्येकाचें मत तयार असतें. परंतु ह्या दोघांच्या मध्यें वावरणाऱ्या तिसऱ्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. तो पेला आणून ठेवतो, बाटली पिशवींत घालून घरीं पोंचवितो, रात्रीं दुकान झाडतो. आणि पुष्कळदां तो अजून मिसरूडही न फुटलेला पोर असतो. आज त्याच्याविषयीं दोन शब्द सांगावयाचे आहेत.

१९१४ सालच्या पंजाब अबकारी कायद्याच्या ३० व्या कलमानें, लोक जेथें बसून मद्य पितात अशा जागीं २५ वर्षांखालील पुरुषास आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीस कामावर ठेवण्याची मनाई केली होती. दिल्लीसही हा कायदा लागू होता. चोवीस वर्षांचा तरुण आणि पन्नाशींतील पोक्त बाई, दोघेंही कायद्याच्या दृष्टीनें सारखींच लेंकरें! स्त्रियांवरील ही बंदी दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २००६ सालीं घटनाबाह्य ठरविली. सर्वोच्च न्यायालयानें २००७ च्या डिसेंबरांत तो निर्णय कायम केला, आणि हॉटेलव्यवस्थापनाची पदवी घेऊन बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीं नोकरीस लागणाऱ्या तरुणांचाही कैवार घेतला. रक्षणाच्या नांवाखालीं स्त्रीची रोजी हिरावूं नये, तिला निर्भयपणें काम करतां येईल अशी तजवीज राज्यानें करावी, असा त्याचा मथितार्थ. मला तो सर्वस्वी मान्य आहे.

मग वयाचें बंधनच नको काय? तसें नाहीं. तेवीस वर्षांचा तरुण आपली नोकरी स्वतः निवडतो. तेरा वर्षांच्या पोराची नोकरी त्याच्यासाठीं दुसऱ्या कोणीं तरी निवडलेली असते. म्हणून २०१५ च्या बालन्याय अधिनियमानें अठराव्या वर्षाची रेघ मारली, ती मला योग्य वाटते. त्याच्या ७७ व्या कलमान्वयें मुलास मद्य देणें हा गुन्हा आहे. वैद्याची आज्ञा असेल तेवढाच अपवाद. ७८ वें कलम त्याहून बारकाईनें वाचावें. मुलाकडून मद्य विकविणें, पुरविणें किंवा नुसतें वाहून नेवविणें, ह्यांस सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

आतां आपल्या दिवाणखान्यांत येऊं. शनिवारची संध्याकाळ, चार स्नेही जमले आहेत. यजमान खिडकींतून पहारेकऱ्याच्या मुलास हांक मारतात, हातीं नोट देतात आणि म्हणतात, “कोपऱ्यावरून दोन बाटल्या आण रे, उरलेले पैसे तुला.” यजमान सज्जन आहेत, मुलाच्या शाळेची फीही कदाचित् तेच भरीत असतील. पण ७८ व्या कलमाचा आरंभ “जो कोणी” असा आहे. त्यांत दुकानदाराचें वेगळें नांव नाहीं आणि यजमानास सूटही नाहीं. जमलेल्या स्नेह्यांत एखादे वकीलसाहेब असल्यास, बाटली उघडण्यापूर्वीं त्यांना अवश्य विचारून पाहावें.