दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचे मीलन



सूर्याहून कितीतरी जड असलेला तारा स्फोटात नष्ट झाला, की त्याच्या गाभ्यातून अवघ्या वीसेक किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा उरू शकतो. असे दोन तारे परस्परांभोवती फिरू लागले, की गुरुत्वीय लहरींवाटे त्यांची ऊर्जा हळूहळू सरते, कक्षा आक्रसते आणि कोट्यवधी वर्षांनी ते एकमेकांवर आदळतात. त्या टकरीतून जवळजवळ प्रकाशवेगाने द्रव्याचा झोत उसळतो आणि गॅमा किरणांचा क्षणिक स्फोट होतो. अनेक दशके हा केवळ तर्क होता.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगो व व्हर्गो या वेधशाळांनी अशा मीलनाच्या लहरी टिपल्या. त्यानंतर सुमारे १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा स्फोट नोंदवला. सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासात दोहोंमध्ये एवढेच अंतर पडले; गुरुत्वीय लहरी व प्रकाश यांचा वेग जवळजवळ तंतोतंत सारखा असल्याची ती साक्ष ठरली.

अशा घटनांचे आकाशातील स्थान अधिक नेमके कळावे, म्हणून हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ लायगोची भारतीय वेधशाळा नियोजित आहे. तिथे उद्या काम करणारे संशोधक आज कुठल्यातरी शाळेच्या बाकावर बसलेले आहेत.