वर्ग ग्रंथालयात नेताना



ग्रंथालयात साठ मुलांची रांग नुसती फिरवून आणू नये. दहा-दहांच्या तुकड्या कराव्या, प्रत्येकीला शोधायला एक प्रश्न द्यावा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचारावे, १९२६ साली याच गावी वारलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी गोळा केलेले मोडी कागद कसे दिसतात? जळगावच्या व. वा. वाचनालयासारख्या ठिकाणी मात्र कपाटांपाशी रेंगाळू द्यावे. ड्युई पद्धतीत उर्दू साहित्य ८९१.४३९, मराठी ८९१.४६, अगदी शेजार! उर्दू शाळेतल्या आपल्या मुलीला हा शेजार स्वतः सापडू द्या. परतताना तिच्या हाती सभासदत्वाचा अर्ज असावा. सही आणि अनामत पालकांनी त्याच आठवड्यात द्यावी, एवढी माझी विनंती आहे.